द्राक्षवेलीचं पान: क्रीटमधली सेंद्रिय बाग

(दृश्य: डोंगरउतारावरच्या द्राक्षबागा. मे महिना, सकाळची वेळ.)

ग्रीसचं क्रीट बेट. इराक्लिओ शहराच्या दक्षिणेला, युख्तास डोंगराच्या पायथ्याशी आर्खानेस हे गाव आहे. इथून जवळच, वाथीपेत्रोच्या मिनोअन (क्रीटमधल्या प्राचीन संस्कृतीच्या) अवशेषांमध्ये द्राक्षं तुडवून रस काढायची जागा सापडली आहे. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. द्राक्ष या मातीत किती जुनं आहे, ते यावरून कळावं.

पण आज आपण द्राक्षं बघायला आलेलो नाही. घड अजून बाजरीच्या दाण्याएवढ्या मण्यांचे आहेत. आज तोडणी आहे ती खायच्या पानांची.

(दृश्य: वेलीचा शेंडा, अगदी जवळून.)

शेंड्याकडून मोजत या. पहिली दोन पानं फार कोवळी, शिजताना फाटतात. तिसरं, चौथं, पाचवं पान घ्यायचं. तळहाताएवढं, फिकट हिरवं, चकाकी असलेलं. देठ नखाने खुडायचा आणि पानावर पान रचत जायचं. ऊन चढलं की पान मलूल होतं, म्हणून सगळी घाई सकाळीच.

पसंती असते ती सुलतानिना जातीच्या पानाला, कारण ते पातळ असतं आणि त्यावर लव कमी. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ही वेल परकी नाही. सुलतानिना म्हणजेच थॉमसन सीडलेस, आणि आपली तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडलेली. 1922 नंतर आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) निर्वासित होऊन आलेल्या ग्रीक कुटुंबांनी क्रीटमध्ये या जातीची लागवड वाढवली.

आता खरी अडचण. द्राक्षावर फवारणी झाली तरी घड काढेपर्यंत मध्ये बरेच आठवडे जातात. पानाला ती सवलत नाही. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी बागेत पंप फिरतो तो याच दिवसांत, आणि औषध बसतं ते थेट पानावर. म्हणजे जे फवारलं, तेच ताटात. युरोपात बाहेरून येणाऱ्या पानांमध्ये कीडनाशकांचे अंश पुन्हा पुन्हा सापडले. तुर्कस्तानातून येणाऱ्या पानांची म्हणूनच सीमेवर जादा तपासणी होते. आपल्यालाही हा चटका ठाऊक आहे: 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली होती.

म्हणूनच मला वाटतं, इतर पिकांत सेंद्रिय हा एक पर्याय असेल, खायच्या पानाच्या बाबतीत तोच सरळ मार्ग आहे.

तो सोपा मात्र नाही. वेलीसारख्या बहुवार्षिक पिकाला सेंद्रियचा दाखला मिळण्याआधी तीन वर्षं नियमांनुसार बाग सांभाळावी लागते. गंधक आणि मोरचुदासारखी तांब्याची औषधं सेंद्रियातही चालतात, पण तांब्याला मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो. आणि परवानगी असली तरी गंधकाची भुकटी बसलेलं पान कोण खाईल? त्यामुळे आधी तोडणी, मग धुरळणी, असा क्रम जपावा लागतो. क्रीटचा कोरडा उन्हाळा इथे मदतीला येतो. डाऊनीचा जोर ओसरतो, भुरीवर लक्ष ठेवावं लागतं. हिवाळ्यात ओळींमध्ये द्विदल पिकं पेरून वसंतात ती मातीत गाडली की नत्राची सोय होते.

हावही आवरावी लागते. एक घड नीट पोसायला दहा-पंधरा पानं लागतात. पानं ओरबाडली तर साखर भरत नाही, आणि पुढच्या वर्षीची काडीही कच्ची राहते.

(दृश्य: स्वयंपाकघर. उकळतं पाणी, रचलेल्या पानांची चळत.)

पानं उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवतात. हिरवा रंग उतरून ऑलिव्हसारखा होतो. मग घट्ट गुंडाळ्या करून मिठाच्या पाण्यात, बरणीत. वर्षभराची बेगमी झाली. जेवणासाठी पानाची खडबडीत बाजू वर ठेवून त्यावर तांदूळ, कांदा, शेपू, पुदिना यांचं सारण घालतात आणि करंगळीएवढी वळकटी करतात. पातेल्यात दाटीने रचून, वर ताटली दाबून, ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसात मंद शिजवतात. हे दोल्मादाकिया.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही बरणी दुकानात सहज दिसेल. घेताना हिरव्यावर पांढऱ्या ताऱ्यांनी काढलेलं पान शोधा, ती युरोपीय संघाची सेंद्रिय खूण. तिच्याजवळ तपासणी संस्थेचा क्रमांक असतो, आणि माल कुठे पिकला तेही छापलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय बरणी टोपलीत टाकू नका.