सादळलेला शेंगदाणा

(दृश्य: नवी मुंबईत वाशीचं दाणाबंदर, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार; पोत्यांच्या थप्प्या)

शेंगदाणा वाशीत उतरतो तेव्हा त्याचं निम्मं भवितव्य शेतातच ठरलेलं असतं. शेंगा भरताना पावसानं ताण दिला, जमीन तापली, टरफलाला चीर गेली, की मातीतली अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी आत शिरते. उपटलेल्या शेंगा ओल्याच ढिगात राहिल्या तर ती फोफावते.

उरलेलं निम्मं गोदामात ठरतं. दाण्यातली ओल 7 टक्क्यांच्या आत हवी. पण जुलैत इथल्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि खडखडीत वाळलेला दाणाही तागाच्या पोत्यातून ओल ओढून सादळतो. म्हणून थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून लावायची. एका पोत्यात बुरशी वाढली की तिच्यातून उष्णता आणि पाणी सुटतं, मग शेजारची पोतीही ओलावतात.

(दृश्य: दाणा, अगदी जवळून)

हा दाणा वरून निरोगी दिसतो. पाकळ्या अलग केल्या की मधल्या पोकळीत हिरवट-पिवळी भुकटी. इथे तयार होतं अफ्लाटॉक्सिन. यकृताचा कर्करोग करणारं हे विष बुरशी झटकली, दाणे धुतले तरी उरतं. भाजल्यानं काही अंशी घटतं, पण पुरतं जात नाही.

शिवाय ते मालभर सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत मोजकेच विषारी, पण त्यांच्यामुळे अख्खी खेप नापास होते. वरची मूठभर तपासून काहीच कळत नाही. युरोपच्या नियमात मोठ्या खेपेतून 100 ठिकाणचे दाणे घेऊन 20 किलोंचा नमुना करतात. तिथे थेट खाण्याच्या शेंगदाण्याला किलोमागे 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा, आपल्याकडे 10.

तेल काढल्यावर बरंचसं विष पेंडीत राहतं. ती पेंड दुभत्या जनावराच्या पुढ्यात पडली की अफ्लाटॉक्सिनचं दुसरं रूप, एम1, दुधात उतरतं. बुरशी आलेली पेंड गोठ्यात नकोच.

घरी पावसाळ्यात दाणे थोडेच आणावेत, हवाबंद डब्यात ठेवावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे कूट करण्याआधी निवडून टाकावेत. एकदा कुटात मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. विषाला स्वतःची चव नसते, तरी दाणा कडू किंवा कुबट लागला तर गिळू नये, थुंकून टाकावा.