पंचतारांकित भरती आणि विसरलेला छेद

मित्रहो, ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या भरतीचे तारे म्हणजे काय हे सांगणे पंढरपूरकराला एकादशी समजावण्यासारखे आहे. तेव्हा २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन ही परीक्षक मंडळी सतरा वर्षांच्या शालेय खेळाडूंना गुणवत्तेनुसार पाचपर्यंत तारे देतात, त्यांच्या बेरजेवरून कॉलेजांची क्रमवारी लागते आणि त्या क्रमवारीवरून आपल्याकडे गणपतीच्या जेवणातही वाद होतात, एवढे गृहीत धरून मी मुद्द्यावर येतो. या आकड्यांवर विश्वास कसा आणि किती ठेवावा, हा आजचा विषय आहे.

या वादात कोणीतरी जे. जे. वॉटचे नाव काढतेच, आणि माझी जुनी तक्रार तीच आहे. वॉट दोन ताऱ्यांचा होता, सेंट्रल मिशिगन विद्यापीठ सोडून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात शिष्यवृत्तीविना दाखल झाला आणि पुढे आपल्या ह्यूस्टन टेक्सन्स या व्यावसायिक संघाचे दैवत झाला, हे सारे खरे आहे. परंतु त्याच टेक्सन्सनी २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी घेतलेला जडेव्हियन क्लाउनी २०११ च्या शालेय भरतीतही देशात पहिला होता, हे मात्र त्या वेळी कोणालाच आठवत नाही. पाच ताऱ्यांची मुले दरवर्षी तीस-पस्तीस असतात आणि दोन-तीन ताऱ्यांची हजाराहून अधिक. एवढ्या मोठ्या गर्दीतून काही वॉट निघणारच. प्रश्न शेकडा किती निघाले हा आहे. अंश सगळे सांगतात, छेद कोणी विचारत नाही. छेद मांडला, तर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीपर्यंत पोहोचण्याची शक्यता प्रत्येक ताऱ्यागणिक ठळकपणे वाढताना दिसते.

आता कॉलेज स्टेशन गावातल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडे वळू. (त्यांचे मरून टी-शर्ट घातलेल्या चाहत्यांनी आत्ताच उठून जाऊ नये, पुढे त्यांच्या बाजूचाही मुद्दा आहे.) २०२२ च्या भरतीत तेथले तेव्हाचे प्रशिक्षक जिंबो फिशर यांनी जमवलेली नव्या खेळाडूंची तुकडी २४७स्पोर्ट्सच्या संयुक्त (सर्व परीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या) क्रमवारीत तोवरच्या सर्व तुकड्यांच्या वर गेली. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी मे महिन्यात, ए अँड एमने एकूण एक खेळाडू विकत घेतला आहे, असा जाहीर आरोप केला आणि दुसऱ्याच दिवशी फिशर यांनी पत्रकारांसमोर त्यांची यथेच्छ खरडपट्टी काढली. मग १० सप्टेंबरला ॲपलाचियन स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाचा संघ कॉलेज स्टेशनला आला. अशा संघांना यजमान पैसे देऊन बोलावतात, येथे ती रक्कम पंधरा लाख डॉलर होती. पाहुण्यांनी ती घेतली आणि यजमानांच्या काइल फील्ड या मैदानावर सामनाही १७–१४ असा जिंकून नेला. ए अँड एमचा हंगाम पाच विजय आणि सात पराभवांवर संपला. त्याच राज्यात, त्याच वर्षी, तारे जेमतेम असलेल्या फोर्ट वर्थच्या टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) संघाने मिशिगनला ५१–४५ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना गाठला, आणि क्रमवारी म्हणजे शुद्ध थोतांड, असा निकाल लोकांनी देऊन टाकला.

तो निकाल घाईचा होता. अंतिम सामन्यात ताऱ्यांनी ओसंडून वाहणाऱ्या जॉर्जियाने टीसीयूचा ६५–७ असा धुव्वा उडवला. आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, ज्या तुकडीची एवढी टिंगल झाली, तिच्यातलाच वॉल्टर नोलन सोळाव्या क्रमांकावर ॲरिझोनाने घेतला, तर लगेच सतराव्यावर शेमार स्टुअर्ट सिनसिनाटीने घेतला. नोलन दरम्यान ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) येथे गेला होता, स्टुअर्ट ए अँड एममध्येच राहिला. म्हणजे परीक्षकांनी मुलांचा आवाका ओळखण्यात चूक केली नव्हती. त्यांच्या आकड्यात नसलेला विजय आपण वाचला होता. संघ कोण घडवणार आणि किती जण वर्षभरात निघून जाणार, हे त्या बेरजेत कुठेच नसते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे विश्वासार्हता तपासण्याची जी पद्धत सांगण्याचे मी कबूल केले होते, ती आता भराभर सांगतो. पहिली गोष्ट, तारा आधी आला की अलाबामासारख्या कॉलेजचे बोलावणे आधी आले, हे तारखा लावून पाहावे. बोलावण्यानंतर तारा वाढला असेल, तर ती दोन स्वतंत्र मते नसून एकाच मताची दोनदा झालेली मोजणी असू शकते. दुसरी, मुलगा कुठे खेळत होता हे पाहावे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियातली मुले सगळ्यांच्या नजरेत असतात, तर कॅलिफोर्नियातल्या फायरबॉसारख्या शेतीच्या गावातला जॉश ॲलन, जो पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये नामांकित क्वार्टरबॅक झाला, तो तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. तिसरी, एका वर्षाच्या तुकडीवरून संघाचे भविष्य सांगू नये. भरतीचे विश्लेषक बड एलियट यांचे ‘ब्लू-चिप’ गुणोत्तर चार वर्षांची भरती एकत्र घेते आणि तीत चार-पाच ताऱ्यांची मुले निम्म्याहून अधिक आहेत का, एवढेच विचारते. ही अट विजेता कोण ते सांगत नाही, पण दावेदारांची यादी बरीच आखूड करते. मात्र खेळाडूंना कॉलेज बदलण्याची वाट मोकळी करणारे ट्रान्स्फर पोर्टल आल्यापासून चार वर्षे एका जागी टिकतो कोण, हा प्रश्न त्या गुणोत्तरालाही छळतो आहे. तो प्रश्नोत्तरांत घेऊ, कारण मागच्या रांगेतले मरून टी-शर्ट केव्हापासून हात वर करून बसले आहेत.