आधी हिरडी बघा

विषबाधेवर बोलायला बोलावलंत, पण मी आधी हिरड्यांवर येतो. गाय असो, शेळी असो, कुत्रं नाहीतर मांजर असो, ओठ वर केला की हिरडी गुलाबी दिसली पाहिजे, बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी. विष पोटात गेलं की पुष्कळदा पहिली खबर इथे मिळते.

ज्वारीचंच घ्या. कोवळी ताटं, पाण्याच्या ताणाने खुरटलेली, किंवा कापणीनंतर आलेले फुटवे, यात धुरिन असतं, जनावराने ते चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. किराळ लागली म्हणतो ते हेच. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण पेशींना तो वापरताच येत नाही, त्यामुळे हिरड्या लालभडक आणि जनावर मात्र तडफडतंय, पाय झाडतंय, आणि कधीकधी काही मिनिटांत सगळं संपतं. वेळेत पोचलो तर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतो.

आता खरी अडचण ऐका. त्याच ज्वारीत, तशाच ताणात, नायट्रेटसुद्धा साठतं. त्याचं पोटात नायट्राइट होतं, ते रक्तात उतरून हिमोग्लोबिन बिघडवतं, आणि रक्त चॉकलेटी पडतं. इथे मिथिलिन ब्लू लागतं. आणि इथे कुणी किराळ समजून नायट्राइट टोचलं तर विषावर विष चढवल्यासारखं होतं! म्हणून रंग बघा म्हणतो. मी नवीन होतो तेव्हा रात्री एका गोठ्यात टॉर्चच्या पिवळ्या उजेडात हिरडी बघितली, मला ती लालच वाटली, औषध भरलंसुद्धा होतं, मग काय मनात आलं कोण जाणे, सुईतला रक्ताचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकला तर तो कॉफीसारखा तपकिरी. हात थरथरले माझे. ती गाय वाचली, शेजारची नाही वाचली.

आणि चारा वाळवला की झालं, हे अर्धंच खरं आहे बरं का. नीट वाळल्यावर सायनाइड बरंच उडून जातं, नायट्रेट तसंच राहतं.

हाच चॉकलेटी रंग मांजरात दिसला तर मी पहिलं विचारतो, पॅरासिटामॉल दिलंत का? अंग गरम लागलं म्हणून प्रेमानेच कुणीतरी अर्धी गोळी दिलेली असते. मांजराच्या यकृताला हे औषध पचवून बाहेर टाकायची सोयच नीट नाही, हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजरासाठी याचा सुरक्षित डोस नाही, पाव गोळीसुद्धा नाही. लवकर आणलं तर ॲसिटिलसिस्टीनने वाचवता येतं, पण लवकर आणलं तर.

सगळ्यात फसवं म्हणजे उंदराचं औषध, रक्त गोठू न देणारं. कुत्र्याने खाल्लं तरी दोन-तीन दिवस ते मस्त खेळतं, कारण रक्त गोठवणारे घटक शरीरात शिल्लक असतात, ते संपले की आतल्या आत रक्तस्राव, आणि हिरडी कागदासारखी पांढरी. तोवर थांबू नका. खाताना बघितलंत तर त्याच दिवशी या, पाकीट घेऊन या, व्हिटॅमिन के बरेच आठवडे चालवावं लागेल हे मनाशी धरून या.

आणि कृपा करून खरं सांगा. काय खाल्लं, किती, कधी. आमच्या हातून पडलं हे सांगायला माणसं लाजतात आणि तेवढ्यात अर्धा तास जातो. मिठाचं पाणी, तेल, दूध असलं काही घशात ओतू नका, ॲसिड किंवा रॉकेल गेलं असेल तर उलटीने जास्त नासाडी होते, आणि अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं थेट फुप्फुसात जातं.

काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. आज घरी गेल्यावर निरोगी जनावराचाच बघून ठेवा, आणि दिवसाउजेडी बघा.