हवेची वाट : घरातल्या काचकामाच्या खोलीचे वायुवीजन

ऑक्सिजन आणि प्रोपेनवर चालणाऱ्या टॉर्चच्या निळ्या ज्योतीत काचेची कांडी शिरते, तेव्हा ती ज्योत एकाएकी पिवळीधमक होते. हा पिवळा प्रकाश काचेतल्या सोडियमचा असून, तो अडवून वितळती काच नीट दिसावी म्हणून कारागीर डायडिमियमचा चष्मा लावतात. डोळ्यांसमोरच्या प्रकाशाची अशी तजवीज पहिल्याच दिवशी होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंची तजवीजही त्याच दिवशी, टॉर्च पेटवण्याआधी व्हायला हवी, आणि या खोलीत सध्या तेच काम सुरू आहे.

ही ज्योत सुमारे २,८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. इतक्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, आणि ज्वलन अपुरे राहिले तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही निर्माण होतो. लाल, पिवळ्या आणि नारिंगी रंगाच्या काही काचांमध्ये कॅडमियमची संयुगे असतात. काचेवर चांदीची किंवा सोन्याची झळाळी चढवताना तर धातूची वाफ मुद्दामच केली जाते. नायट्रोजन डायऑक्साइड जास्त प्रमाणात श्वासावाटे आत गेला, तर फुप्फुसांवरचा त्याचा गंभीर परिणाम काही तास उलटल्यावरही दिसू शकतो.

खिडकीतला हा एक्झॉस्ट पंखा आता उतरवला जात आहे. तो खोलीतली हवा हळूहळू बदलत होता. पण ज्योतीवरून उठणारा गरम झोत खिडकीपर्यंत पोहोचण्याआधी खोलीभर पसरत होता आणि त्याच्या वाटेत सर्वांत आधी कारागिराचा चेहरा येत होता. पंखा हवा लांबवर फेकू शकतो, लांबून ओढू मात्र शकत नाही. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण श्वास आत ओढून ती विझवून पाहावी! उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके दूर गेले, की ओढीचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणून ओढणारे तोंडच ज्योतीजवळ आणावे लागते.

पत्र्याचा हा हुड, म्हणजे ज्योतीवरचे धूर ओढणारे छत, त्यासाठीच आहे. त्याच्या मागची आणि दोन्ही बाजूंची पोकळी पत्र्याने बंद केल्यामुळे आडवे वारे झोताला ढकलत नाहीत आणि तेवढेच काम कमी हवेत भागते. हुडाची पुढची कड कोठे यावी, हे ठरवण्यासाठी कारागिराला खुर्चीत बसवून, हातात कांडी देऊन मोजमाप घेतले जात आहे, कारण ज्योत हुडाखाली हवी आणि नाक हुडाबाहेर. कारागीर काचेचा मणी पाहण्यासाठी जितका पुढे झुकतो, तितके अंतर याच मापात धरावे लागते. ताठ बसून घेतलेले माप काम सुरू झाले की चुकीचे ठरते.

हुडाचे तोंड ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, म्हणजे ८ चौरस फूट आहे. तिथे हवेचा वेग मिनिटाला १०० फूट राखायचा, तर मिनिटाला ८०० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे, आणि तीही डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी, जोडल्यानंतर. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. डक्टचे प्रत्येक वळण आणि घड्यांच्या लवचिक नळीचा प्रत्येक फूट त्यातून वजा होतो. म्हणूनच ही नळी गुळगुळीत पत्र्याची, शक्य तितकी सरळ आणि एकाच वळणाची आहे. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, तिच्या बाहेरच्या टोकाला बसवला आहे, कारण मग घरातल्या भागात ओढ राहते आणि एखादा सांधा सुटलाच, तरी धूर आत गळण्याऐवजी खोलीतली हवाच नळीत शिरते.

यापुढचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, आणि आमच्या मते निम्मे वायुवीजन तेच आहे. मिनिटाला ८०० घनफूट हवा बाहेर जाणार असेल, तर तितकीच आत यायला हवी. दार-खिडक्या बंद ठेवून ब्लोअर सुरू करताच दार कसे घट्ट ओढले जाते, ते पाहा. अशा वेळी महागडा ब्लोअरही पुरेशी हवा ओढू शकत नाही, आणि घरात गॅसचा गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. यासाठी कारागिराच्या पाठीमागे ४ चौरस फुटांची झडप केली आहे. बाहेर फेकलेली हवा तिच्यातून परत येऊ नये, म्हणून डक्टचे तोंड घराच्या दुसऱ्या बाजूला काढले आहे.

आता धुराची चाचणी. झडप बंद असताना उदबत्तीचा धूर हुडाच्या कडेशी घुटमळतो आणि त्याची एक बट चेहऱ्याकडे वळते. झडप उघडताच तीच बट सरळ होऊन हुडात ओढली जाते. चारही कोपऱ्यांत हेच पुन्हा तपासले जाते, कारण हुड बहुधा कोपऱ्यात कमी पडतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर लागला आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सिलिंडर खोलीबाहेर, मोकळ्या जागी ठेवला आहे. टॉर्च विझल्यावरही ब्लोअर काही वेळ चालू राहील. काचेची भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्यानेच पुसली जाईल. या टेबलावर पुढे दुसरी टॉर्च बसवायची झाली, तर हुड रुंद करावा लागेल आणि त्याबरोबर ब्लोअर, नळी व झडप या तिन्हींचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.