इजिप्तचे लिबरल: एक सरकारी वकील, एक कुलगुरू आणि एक मार खाल्लेला जज

ऑक्टोबर १९२६, कैरो. सरकारी वकील मुहम्मद नूर यांच्यासमोर एक प्रोफेसर जबाब द्यायला आलाय. नाव ताहा हुसैन, वय छत्तीस. लहानपणी डोळे आले तेव्हा गावातल्या न्हाव्याने काहीतरी उपचार केले आणि नजर कायमची गेली, पण पोरगं हुशार, कुराण पाठ करत करत कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठात पोचलं, तिथल्या शेखांशी पटेना म्हणून नव्या इजिप्शियन युनिव्हर्सिटीत गेलं, तिथली पहिली डॉक्टरेट त्याची, आणि मग पॅरिसला जाऊन सोर्बोनची दुसरी.

आता त्याच्यावर तक्रार आहे, आणि तक्रार कशाची, तर पुस्तकाची.

पुस्तक इस्लामच्या आधीच्या अरबी कवितेवर होतं. ताहा हुसैनचं म्हणणं असं की ज्या कविता आपण इस्लामपूर्व म्हणून पाठ करतो त्यातल्या बऱ्याचशा नंतर कुणीतरी रचून जुन्या कवींच्या नावावर खपवल्यात. एवढ्यावर थांबला असता तर प्रोफेसर लोकांचं आपापसातलं भांडण झालं असतं आणि बाहेर कुणाला पत्ताही लागला नसता. पण गडी थांबला नाही, त्याने पुढे लिहिलं की पैगंबर इब्राहिम आणि त्यांचा मुलगा इस्माईल यांचा उल्लेख तौरातमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे, कुराणातही आहे, पण नुसत्या उल्लेखावरून ते इतिहासात खरंच होऊन गेले असं सिद्ध होत नाही. झालं! अल-अझहरचे शेख खवळले, संसदेत प्रश्न आला, एका खासदाराने थेट फिर्याद दिली, रस्त्यावर मोर्चे निघाले. देशाचा सगळ्यात लाडका नेता साद झगलूल, त्याने पण मोर्च्यासमोर प्रोफेसरचीच खिल्ली उडवली.

आणि आता जे झालं ना, त्यासाठीच मी हा व्हिडिओ करतोय. मुहम्मद नूरने पुस्तक वाचलं. म्हणजे खरंच वाचलं, बोलावून प्रश्न विचारले, हा मुद्दा कशावरून, तो पुरावा कुठला, सगळं. ३० मार्च १९२७ ला त्याने जो रिपोर्ट लिहिला तो बघितला तर वाटतं की एखाद्या कडक परीक्षकाने थीसिस तपासलाय, कारण त्यात तो लेखकाला चांगलाच झापतो, की बाबा तू आधी एक शक्यता मांडतोस आणि दोन पानांनी तीच गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वापरतोस, हे काही बरोबर नाही. पण मग तो १९२३ च्या राज्यघटनेकडे वळतो. कलम १२, श्रद्धेचं स्वातंत्र्य पूर्ण आहे. कलम १४, कायद्याच्या मर्यादेत प्रत्येकाला आपलं मत मांडायचा हक्क आहे. कलम १४९, इस्लाम हा राज्याचा धर्म आहे. तिन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवून तो म्हणतो की लेखक चुकला असेल, लोकांचं मन दुखावलं असेल, पण त्याचा हेतू संशोधनाचा होता, धर्मावर हल्ला करायचा नव्हता, गुन्ह्याचा हेतू नाही म्हणजे गुन्हा नाही, फाईल बंद.

मला हे पुस्तकापेक्षा भारी वाटतं, खरं सांगतो. बंडखोर लेखक कुठल्याही देशात एखाददुसरा निघतोच हो. पण ज्याला लेखकाचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही, बाहेर पब्लिक ओरडतंय, वरून प्रेशर आहे, आणि तरीही जो सरकारी नोकर म्हणतो की मला पटत नाही हा काही गुन्हा नाही, असा माणूस मिळणं अवघड. बाकी असंही नाही की सगळं गोड झालं, पुस्तक मागे घ्यावं लागलं, तो उतारा गाळून, नाव थोडं बदलून, भर घालून १९२७ मध्ये परत छापलं.

आता प्रश्न असा की हे वातावरण आलं कुठून. अरब देशांत व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे विचार म्हणजे बाहेरून आणून लावलेलं कलम, ते तिथे रुजत नाही, असं आपल्याकडे पण लोक फार सहज बोलून जातात. इजिप्तची गोष्ट त्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

मागे जाऊ. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि जसा आपल्या मुंबईत पैशाचा पाऊस पडला तसाच नाईलच्या डेल्टात पण पडला. मुंबईचा फुगा ६५ ला फुटला, इजिप्तचा राजा मात्र कर्ज काढतच राहिला, १८७६ ला दिवाळं निघालं आणि १८८२ ला इंग्रज येऊन बसले. पण मधल्या काळात गावागावात कापसावर गब्बर झालेले जमीनदार तयार झाले आणि त्यांची पोरं कैरोला कायदा शिकायला जायला लागली. त्यातलाच एक अहमद लुत्फी अल-सय्यद, जन्म १८७२, बाप गावचा उमदा, म्हणजे आपल्याकडचा पाटील समजा. लुत्फीने मिल वाचला, स्पेन्सर वाचला (आपले आगरकर पण हेच दोघं वाचायचे, साल थोडं मागेपुढे एवढंच) आणि १९०७ मध्ये ‘अल-जरीदा’ नावाच्या पेपरचा संपादक झाला. त्याच वर्षी पेपरभोवतीच्या मंडळींनी उम्मा पार्टी काढली, अध्यक्ष महमूद सुलेमान पाशा. हे नाव लक्षात ठेवा, यांचा मुलगा पुढे येणार आहे.

लुत्फीचं म्हणणं काय होतं? सरकारची कामं तीनच, पोलीस, न्याय आणि देशाचं संरक्षण, यापलीकडे सरकारने माणसाच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही. माणूस नुसता भाकरी-पाण्यावर जगत असता तर आपण सुखीच होतो, पण त्याला मोकळेपणा पण तेवढाच लागतो, असं तो लिहायचा. आणि इंग्रजांइतकाच राग त्याला देशी एकाधिकारशाहीचा होता. पिढ्यानपिढ्या लहरी राजवटीखाली राहून लोकांना वर बघून लाचारी करायची आणि आतून कुणावरच विश्वास ठेवायचा नाही अशी सवय लागलीये, ती आधी मोडायला पाहिजे, नुसता झेंडा बदलून काय होणार, हा त्याचा मुद्दा.

पहिलं महायुद्ध, १९१९ चा उठाव, १९२२ ला अर्धंमुर्धं स्वातंत्र्य, आणि १९२३ ची ती राज्यघटना. लगेच १९२५ मध्ये तिची परीक्षा झाली. तुर्कस्तानने आदल्या वर्षी खिलाफत मोडीत काढली होती आणि इजिप्तचा राजा फुआदला आपणच खलिफा व्हावं असं वाटायला लागलं होतं, नेमकं त्याच वेळी अली अब्देल राझिक नावाच्या शरिया कोर्टातल्या न्यायाधीशाने पुस्तक लिहिलं की खिलाफत हा इस्लामचा भाग नाहीच मुळी. हा स्वतः अल-अझहरचा माणूस हां, कुणी सूटबूटवाला नाही. शेखांच्या मंडळाने त्याला काढून टाकलं, पण कायदेमंत्री अब्देल अझीझ फहमी हुकूम बजावायला तयार होईना, राजवाड्याने त्यालाच घरी पाठवलं, आणि मग त्याच्या पार्टीच्या इतर मंत्र्यांनी राजीनामे दिले. ही पार्टी म्हणजे लिबरल कॉन्स्टिट्यूशनलिस्ट, उम्मा पार्टीचीच पुढची आवृत्ती.

इथपर्यंत छान चाललंय ना? आता पुढचं ऐका.

निवडणूक झाली की झगलूलची वफ्द पार्टी जिंकायची, दरवेळी, धो धो. शेतकरी, कारकून, विद्यार्थी सगळे झगलूलचे. लिबरलांना मूठभर जागा. पेपर त्यांचे, युनिव्हर्सिटी त्यांची, राज्यघटनेचा मसुदा पण बऱ्यापैकी त्यांनीच लिहिलेला, आणि मतं मात्र मिळत नाहीत. हे जे काही पोटात दुखणं असतं ना, ते १९२८ ला बाहेर आलं. पंतप्रधान झाला मुहम्मद महमूद, त्याच महमूद सुलेमान पाशांचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, लिबरल कॉन्स्टिट्यूशनलिस्ट पार्टीचा मोठा नेता. त्याने राजाच्या मदतीने संसद बरखास्त केली आणि राज्यघटनेची मुख्य कलमं तीन वर्षांसाठी गुंडाळून ठेवली. पार्टीच्या नावातच राज्यघटना आहे बरं का! आणि शिक्षणमंत्री कोण? अहमद लुत्फी अल-सय्यद.

हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. कारणं होती त्यांच्याकडे, नाही असं नाही, वफ्दवाले पण झुंडशाही करायचे, वशिलेबाजी करायचे, बहुमत म्हणजे सगळं आपलंच असं वागायचे. पण लोक चुकीचं मत देतात म्हणून संसदच नको, हे एकदा तुम्ही करून दाखवलं की नंतर दुसऱ्या कुणी केल्यावर बोलायला तोंड उरत नाही. दोनच वर्षांत पंतप्रधान इस्माईल सिद्कीने ती राज्यघटनाच रद्द करून राजाला पाहिजे तशी नवी आणली.

तरी लुत्फीला नुसतं ढोंगी म्हणून सोडून देता येत नाही, तेवढा तो सोपा माणूस नाही. युनिव्हर्सिटीचा कुलगुरू असताना त्याने मुलींना प्रवेश दिला, तो पण गाजावाजा न करता, सभा नाही घोषणा नाही, गुपचूप दार उघडलं, आणि १९३३ मध्ये पहिल्या मुली पदवीधर झाल्या. त्याआधी १९३२ ला सिद्की सरकारने ताहा हुसैनला डीनच्या खुर्चीतून उचललं तेव्हा युनिव्हर्सिटीला न विचारता माझा माणूस हलवलाच कसा म्हणून लुत्फीने सरळ राजीनामा दिला. मग १९४६ ला त्याच सिद्कीच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला! काय बोलणार.

पण खरी अडचण जमिनीची होती असं मला वाटतं. १९५२ च्या सुमाराला हजारातला एक जमीनमालक, आणि त्याच्याकडे लागवडीच्या जमिनीचा जवळपास पाचवा हिस्सा. लिबरल नेत्यांचे बाप-काके याच लोकांत. मालमत्तेचा हक्क पवित्र आहे असं ते म्हणायचे तेव्हा त्यांच्या शेतात राबणाऱ्या फेलाहला, म्हणजे गरीब शेतकऱ्याला, त्यात आपली मालमत्ता कुठेच दिसत नव्हती. बायकांना मताचा हक्क पण या तथाकथित लिबरल काळात मिळाला नाही, स्त्रीहक्कांसाठी लढणारी हुदा शारावी १९२३ पासून मागत होती, आणि मिळाला शेवटी १९५६ ला, लष्करी नेता नासेरच्या राज्यघटनेत. कडू आहे, पण आहे.

जुलै १९५२, लष्कराचं बंड, राजा बोटीत बसून इटलीला. आता इथे येतात अब्देल रझ्झाक अल-सनहूरी. अरब जगातला विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा कायदेपंडित कोण विचारलं तर बहुतेक वकील हेच नाव घेतील, इजिप्तचा १९४९ ला लागू झालेला दिवाणी कायदा यांचा, इराकचा पण यांचाच. आणि हे स्टेट कौन्सिलचे अध्यक्ष. स्टेट कौन्सिल म्हणजे असं कोर्ट की जिथे साधा माणूस सरकारवर दावा लावू शकतो, माझी बदली बेकायदा, माझा पेपर बंद केला तो बेकायदा, आणि कोर्ट खरोखर सरकारचा हुकूम रद्द करायचं. ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ हा शब्द भाषणातून उतरून स्टॅम्प लागलेल्या कागदावर आला तो इथे.

तर राजाने गादी सोडल्यावर प्रश्न आला, छोट्या राजपुत्राच्या नावाने कारभार बघायला जे मंडळ नेमायचं त्याच्या मंजुरीसाठी जुनी, वफ्दचं बहुमत असलेली संसद परत बोलवायची का? स्टेट कौन्सिलने मत दिलं, गरज नाही. कौन्सिलमधला वहीद राफत हा एकटाच वेगळा पडला. सनहूरींना वाटलं अधिकारी पोरं तरुण आहेत, प्रामाणिक आहेत, वफ्दची कटकट गेली, आपण त्यांना कायद्याच्या वाटेवर ठेवू. डिसेंबर ५२ ला राज्यघटना रद्द, जानेवारी ५३ ला सगळ्या पार्ट्या बंद.

मार्च १९५४ मध्ये एकदा वाटलं की संसद परत येणार, अधिकाऱ्यांमध्येच भांडण लागलं होतं, तशी घोषणा पण झाली होती. मग अचानक वाहतूक कामगारांचा संप, आणि कैरोच्या रस्त्यावर लोकशाही मुर्दाबादच्या घोषणा देत मोर्चे. २९ मार्चला त्यातला एक जमाव स्टेट कौन्सिलच्या इमारतीत घुसला आणि अध्यक्ष सनहूरींना त्यांच्याच ऑफिसात मारलं. देशाचा दिवाणी कायदा लिहिणारा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, दवाखान्यात. पुढे त्यांना पदावरून काढलं, आणि उरलेली वर्षं ते त्याच कायद्यावर खंड लिहीत राहिले, १९७१ ला गेले.

१९६० ला पेपर सरकारजमा, १९६१ ला कारखाने बँका सरकारजमा, ते तुम्हाला माहितीये. मी सरळ १९९५ ला येतो, कारण तुलना टाळताच येत नाही. कैरो युनिव्हर्सिटी, तोच अरबी विभाग, प्रोफेसर नस्र हामिद अबू झैद, कुराणाच्या भाषेवर संशोधन. लोकांनी फौजदारी केस केलीच नाही, त्यापेक्षा चलाख काम केलं, कौटुंबिक कायद्यात गेले, की हा माणूस धर्मभ्रष्ट झालाय म्हणून मुसलमान बायकोशी त्याचं लग्न टिकत नाही, तोडा. नवरा नाही म्हणतोय, बायको इब्तिहाल युनिस नाही म्हणतीये, अर्ज तिऱ्हाइताचा, आणि कैरोच्या अपील कोर्टाने जून ९५ ला लग्न तोडलं. दोघं देश सोडून नेदरलँड्सला लायडनला गेले. सरकारलाही लाज वाटली असावी, जानेवारी ९६ मध्ये कायदा बदलला, आता असा अर्ज कुणाही सोम्यागोम्याला करता येणार नाही, फक्त सरकारी वकिलामार्फत. तरी ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टाने जुना निकाल कायम ठेवला.

१९२७ च्या मानाने ९५ ला शिकलेले लोक कितीतरी जास्त होते, वकील जास्त, युनिव्हर्सिट्या जास्त. फरक आहे तो लष्करी बंडानंतरच्या ४० वर्षांचा, ज्यात सरकारला नाही म्हणणारा प्रत्येक जण एक तर नोकरीतून गेला नाहीतर गप्प झाला, आणि मोकळी झालेली जागा मशिदीतल्या वक्त्यांनी भरली. धर्मामुळे असं झालं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण मग मुहम्मद नूर आणि अली अब्देल राझिक हे पण धार्मिकच होते, त्यांचं काय करायचं?

सनहूरींचा दिवाणी कायदा आजही इजिप्तमध्ये चालू आहे. स्टेट कौन्सिल पण आहे. २०१६ मध्ये तिथले जज यह्या दक्रूरी यांनी तिरान आणि सनाफिर ही दोन बेटं सौदी अरेबियाला द्यायचा सरकारी करार रद्द केला, लोकांनी कोर्टाबाहेर मिठ्या मारल्या. पुढच्या वर्षी अध्यक्षपद रिकामं होणार होतं, परंपरेने ते सगळ्यात सीनियर जजकडे जातं आणि सीनियर होते दक्रूरी. सरकारने आधी कायदाच बदलला की नावं पाठवा, निवड राष्ट्राध्यक्ष करणार. कौन्सिलने हट्टाने एकच नाव पाठवलं, दक्रूरींचं. राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी दुसऱ्या जजला नेमलं, आणि २०१९ ला हा अधिकार थेट राज्यघटनेत घालून घेतला.