गाडी नवी नको, चालती हवी

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणची रिमोटची गाडी कित्येक वर्षांनी हाती लागली की पहिली ऊर्मी ठरलेली असते. सेल घालायचे, बटण सरकवायचं आणि पळते का ते बघायचं. माझं पहिलं सांगणं इथेच आहे: तेवढं करू नका. इतकी वर्षं थांबलेली गाडी अजून थोडी थांबेल. आत कुठे वायर उघडी पडली असेल, कुठे मोटर जाम झाली असेल, तर ताज्या सेलचा पूर्ण जोर त्या एका जागी जातो आणि जे सहज दुरुस्त झालं असतं ते जळून जातं.

आधी सेलचा कप्पा उघडा. जुने सेल आतच राहिले असतील तर ते बहुधा पाझरलेले असतात. अल्कलाइन सेलमधून काय किंवा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून काय, बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हा कातडी भाजणारा अल्क आहे, म्हणून हातमोजे घाला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा पांढरा, भुरभुरीत थर होतो आणि स्प्रिंगांवर, पत्र्यांवर बसतो. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन तो पुसायचा. थर फसफसतो, फसफस थांबली की अल्काचा हिशेब मिटला. मग पाण्याचा ओलसर बोळा, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून कोरडं करायचं.

खरं नुकसान मात्र वरून दिसत नाही. हा अल्क वायरच्या आवरणाखालून तांब्याच्या तारांवर चढत जातो. बाहेरून लाल वायर लालच दिसते, आत तार काळी ठिक्कर पडलेली असते. अशा तारेला सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत मागे जायचं, नाहीतर अख्खी बदलायची. आणि हो, कॅडमियम विषारी असतं. ती जुनी बॅटरी केरात न टाकता, बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रातच द्यायची.

एवढं झालं की पाना हातात घेण्याआधी स्वतःशी एक गोष्ट ठरवून घ्या. गाडी नवी करायची आहे की चालती करायची आहे? ही दोन वेगळी कामं आहेत. नवी करणारा माणूस जुना रंग काढतो, स्टिकर उतरवतो, खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी उभी करतो. त्यात कसब असतं, मी ते मानतो. पण मी स्वतः चालती करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. लहान हातांनी वाकडा चिकटवलेला स्टिकर, बंपरवर भिंतीचे ओरखडे, ब्रशने दिलेला आणि कडेला ओघळलेला रंग, हे सगळं ठेवायचं. टायर, बेअरिंग, वायरी, बॅटरी हे झिजण्यासाठीच असतात, ते खुशाल बदलायचे. आणि जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, म्हणजे रंग खरवडणं, चासीला नवं भोक पाडणं, ते करायचंच नाही. पुढचं सगळं बोलणं मी याच धोरणाने करणार आहे.

तुमच्याकडे कुठल्या जातीची गाडी आहे तेही पाहावं लागेल. एक असते तयार मिळणारं खेळणं. त्यात एकाच सर्किट बोर्डावर सगळं बसवलेलं असतं, आणि स्टिअरिंग बऱ्याचदा विद्युतचुंबकाने किंवा छोट्या मोटरने या टोकाला नाहीतर त्या टोकाला जातं, मधलं काही नाही. दुसरी असते किटमधून स्वतः जोडायची गाडी. तिच्यात रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर वेगळा, त्या संदेशाप्रमाणे चाकं वळवणारा सर्वो वेगळा, मोटर वेगळी, आणि प्रत्येक भाग सुटा मिळेल अशीच रचना. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी काढली, आणि या दुसऱ्या जातीच्या गाड्या घरोघरच्या मुलांपर्यंत पोचल्या. नमुना हुबेहूब व्हावा म्हणून कंपनीने एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. १९८४ मध्ये त्यांच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या, त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० आली, आणि मातीतून उड्या मारणाऱ्या बगींचा तो काळ बहरला. माझ्याकडची गाडीही त्याच दशकातली, मागच्या चाकांवर जोर असलेली बगी आहे.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. जपानी गाड्यांचे स्टार स्क्रू जपानी मापाचे असतात. त्यांना साधा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरता बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं झिजवतो. जपानी मापाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा, बाकी अवजारांत काटकसर चालेल. परत जोडतानाची एक युक्ती मला फार मोलाची वाटते. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसतो. तिथे जुन्या आट्याचं तोंड असतं. आता सुलटा फिरवा, तो आपल्या जुन्याच वाटेने जाईल. हे न करता नुसता दाबून फिरवला तर तो दुसरे आटे पाडतो, आणि असं दोन-चारदा झालं की भोक रिकामं होतं.

आता प्लास्टिकबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण जुन्या गाड्यांचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. एका गाडीत चार प्रकारची प्लास्टिकं असू शकतात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. चासी बऱ्याचदा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची. तिला तडा गेला तर एबीएससाठीचं द्रावक सिमेंट वापरा. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, म्हणून सांधा मूळच्या इतका पक्का होऊ शकतो. चाकं धरणारे सस्पेन्शनचे हात आणि बरेच गिअर नायलॉनचे किंवा अॅसिटालचे. यांना कुठलाही गोंद नीट धरत नाही. तुटला तर भाग बदलायचा, चिकटवण्यात वेळ घालवू नका. नायलॉनची आणखी एक गंमत आहे. त्याची चिवटता त्याने शोषलेल्या ओलाव्यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षं कोरड्या जागी पडलेला नायलॉनचा भाग ठिसूळ होतो. तो सुटा करून गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवला की पाणी शोषून पुन्हा लवचीक होतो. म्हणून जुन्या गाडीचे हात वाकवून बघण्याआधी त्यांना पाणी पाजा.

वरचं कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं असेल तर त्याला रंग आतून दिलेला असतो. बाहेरचा ओरखडा रंगाला लागलेलाच नसतो, त्यामुळे मऊ फडकं आणि साबणाचं कोमट पाणी एवढ्यानेच ते पुष्कळ उजळतं. अॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही त्याच्या जवळ आणू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने जाळीसारखे बारीक तडे जातात.

कडक प्लास्टिकचं पांढरं कवच पिवळं पडलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, हे खरं आहे. पण लेप सारखा बसला नाही तर पट्टे उमटतात, आणि पुढे पिवळेपणा परतही येऊ शकतो. स्टिकर ठेवायचे असतील तर या वाटेला न गेलेलं बरं. मी माझ्या गाडीचं कवच पिवळंच ठेवलं आहे आणि मला ते आवडतं.

टायरच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट पाहायला मिळते. मऊ रबर किंवा मऊ विनाइल, कडक प्लास्टिकला वर्षानुवर्षं टेकून राहिलं तर त्यातला मऊपणा देणारा पदार्थ पाझरून त्या प्लास्टिकला विरघळवतो. कवचावर टायरच्या नक्षीचा खोल ठसा उमटलेला दिसला तर कुणी तापत्या वस्तूजवळ गाडी ठेवली होती असं समजू नका. ते या पाझराचं काम असतं. ठसा भरून निघत नाही, पण पुढचा थांबवता येतो. भेगाळलेले टायर बदला, जुने मात्र जपून ठेवा.

आता मोटर. या गाड्यांत ३८० किंवा ५४० मापाच्या डब्यासारख्या मोटरी असतात. आधी हाताने दांडा फिरवून बघा, अडखळत पण फिरला पाहिजे. दांडा ज्यांत फिरतो त्या दोन्ही टोकांच्या बुशांना बारीक तेलाचा एकेक थेंब पुरे. जास्त झालं तर ते कार्बनच्या ब्रशवर जातं आणि काळा चिखल होतो. मग गिअरपासून मोटर सुटी करून दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर, थोडा वेळ फिरू द्या. ब्रश पुन्हा आपली जागा घेतात. मोटरवर तीन छोटे कॅपॅसिटर सोल्डर केलेले असतात: दोन टोकांच्या मध्ये एक, आणि प्रत्येक टोकापासून डब्यापर्यंत एकेक. ब्रशच्या ठिणग्यांतून उठणारा रेडिओचा गोंगाट ते गिळतात. यातला एखादा तुटला असेल तर गाडी आपोआप झटके देते आणि माणूस उगाच रिमोटला दोष देत बसतो.

जुन्या किटमधला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे यांत्रिक स्पीड कंट्रोलर. एक सर्वो एक दांडी हलवतो, ती दांडी तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकते. हळू जायचं तेव्हा वीज तिला अडवणाऱ्या रेझिस्टरमधून जाते आणि तिचा बराचसा भाग नुसता तापण्यात खर्च होतो. पूर्ण वेगात रेझिस्टर बाजूला पडतो आणि बॅटरी थेट मोटरला मिळते. म्हणून या गाड्या पायऱ्यापायऱ्यांनी वेग घेतात, आणि ती टप्प्याची उसळी ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याला आजच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची सलग चाल परकी वाटते. पट्ट्यांवर कळंक चढलेला असतो. खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश कागदाने तो काढा, वायरींचे सांधे नव्याने सोल्डर करा, रेझिस्टर प्लास्टिकपासून आणि वायरींपासून दूर बसवा. चालत असेल तर हा भाग काढू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. फक्त बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, ७.२ व्होल्टची घ्या. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा दर सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की ती खराब होते, आणि योग्य वेळी वीज तोडणारी सोय या जुन्या यंत्रणेत नाही.

आणि आता रेडिओ. रेडिओवरूनच हे बोलताना मला विशेष आनंद होतो आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी वायरीशिवाय चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली, त्या बोटीच्या कुळातलीच तुमची गाडी. जुन्या गाड्या बहुतेक २७ मेगाहर्ट्झवर चालतात. लहरीची लांबी ११ मीटर. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांना ११ मीटरचा पट्टा आठवत असेल, त्याच्याच अगदी शेजारी. या पट्ट्यात ठरलेली सहा चॅनेल असत आणि प्रत्येकाला रंग होता: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एरियलला त्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे मैदानावर दोघांचा रंग एक आहे का ते लगेच कळे. एक असला तर एकाने थांबायचं किंवा चॅनेल ठरवणारा क्रिस्टल बदलायचा.

क्रिस्टल नेहमी जोडीने असतात, एक रिमोटमध्ये, एक गाडीत. दोन्ही सारखे नसतात. लहर एकदाच बदलणाऱ्या साध्या रिसीव्हरमध्ये त्यांच्यात ४५५ किलोहर्ट्झचा फरक असतो, कारण आलेली लहर आतल्या लहरीत मिसळून ४५५ वर आणली जाते आणि मग वाचली जाते. मीडियम वेव्ह ऐकवणाऱ्या साध्या रेडिओतही मधली फ्रिक्वेन्सी साधारण हीच असते. म्हणून क्रिस्टलांची अदलाबदल करू नका. रिसीव्हरच्या एरियलची वायर लांब वाटली तरी कापू नका, तिच्या लांबीला धरूनच तो जुळवलेला असतो. रिमोटच्या दांड्या हलवताना चाकं थरथरत असतील तर दांडीची जागा ओळखणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून दांड्या बराच वेळ फिरवा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

रेडिओ खरोखर गेला असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच बसवायला माझी हरकत नाही. त्याची एरियल तीन सेंटिमीटरच्या आसपास असते, चासीत कुठेही मावते, आणि चॅनेलचं भांडण उरत नाही. जुना रिसीव्हर, क्रिस्टल आणि रिमोट पिशवीत नाव लिहून ठेवा, आणि एरियलची लांब नळी गाडीवर राहू द्या. तामियाने अनेक जुन्या गाड्या पुन्हा बाजारात आणल्या, ग्रासहॉपर २००५ मध्ये आली. त्यामुळे सुटे भाग मिळणं पुष्कळ सोपं झालं आहे. गिअर, टायर, सस्पेन्शनचे हात तिथून आणा. कवच आपलंच ठेवा.

पहिल्यांदा चालवताना चाकं अधांतरी राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवा. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम मोडला तर रिसीव्हरला मालक नसतो आणि गाडी वाटेल तिकडे सुटते. मोटरचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी घालून मोटर घट्ट केलेली असली, आणि मग पट्टी काढून घेतली असली, की दातांत हवं तेवढं अंतर राहतं आणि आवाज सारखा येतो. कर्कश आला तर तिथेच थांबा आणि पुन्हा जुळवा. मग रिमोटची एरियल मिटवून कुणाला तरी गाडी हातात घेऊन लांब चालत जायला सांगा, स्टिअरिंग कुठवर ऐकतं ते बघा.

हे जमलं की गाडी जमिनीवर ठेवा. पहिली फेरी छोटी, सपाट जागेवर. थांबवून मोटरला आणि रेझिस्टरच्या आसपासच्या प्लास्टिकला बोट लावून बघा, रेझिस्टरला मात्र नको, तो भाजतो. मोटरवर बोट टिकत असेल तर बॅटरी संपेपर्यंत पळवा. आणि ठेवताना बॅटरी काढून, चासीखाली ठोकळा देऊन, टायर कशालाच टेकणार नाहीत अशी ठेवा.

नमस्कार.