शाळा सोडण्याचे कारण

[कॅटलॉगचं पान, अगदी जवळून]

नववीचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपुस्तक. जूनभर एकही खाडा नाही. जुलैअखेर पहिला, तोही शनिवारचा. ऑगस्टात तीन. दिवाळीनंतर लाल शाईत ‘गै.ह.’, ‘गै.ह.’, आणि पुढे तेही लिहायचा कंटाळा.

[वर्ग, मागच्या दारातून]

आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ तसं सांगतं. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात. नववीत दोन्ही आधार सुटतात.

दोघांच्या बाकावर तिघं बसलेत. मधल्यानं वही उघडली की कोपर शेजारच्याच्या बरगडीत. मारामारीला एवढंही पुरतं. शेवटच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही. आणि ज्याला जोडाक्षरं अजून अडतात, त्याला दिसून तरी काय उपयोग? अख्ख्या तासात त्याला एकच काम, गप्प बसणं. ते जमलं नाही की दाराबाहेर उभं राहायचं. तिथून गेट दिसतं.

[निकालाचा फलक: १०० टक्के]

या फलकामागचा हिशोब सोपा आहे. शाळेतून जितक्यांनी दहावीची परीक्षा दिली, त्यांतले किती पास, यावर टक्केवारी निघते. कच्ची मुलं आधीच वगळली की निकाल आपोआप चढतो. म्हणून काही शाळा नववीच्या शेवटी पालकांना बोलावून घेतात. “सतरा नंबरचा फॉर्म भरा, वर्ष वाया जाणार नाही.” सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी; शाळेच्या नियमित निकालात तो धरत नाहीत. शिक्षण सुटलेल्यांना दहावी देता यावी, म्हणून ही सोय आहे. इथे ती बाकावर बसलेल्याला उठवायला वापरली जाते.

[दाखला, शिक्का उमटताना]

दाखल्यावर वर्तणूक: ‘चांगली’. शाळा सोडण्याचे कारण: ‘पालकांच्या विनंतीवरून’. विनंती कोणी कोणाला केली, ते या रकान्यात मावत नाही.

[रिकामं मैदान, दुपार]

अशा प्रत्येक मुलाच्या हाती कोयता येतो असं नाही. काहींच्या येतो. मग पोलीस ठाणं, तिथून बाल न्याय मंडळ.

[फक्त हात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख दाखवता येत नाही.]

समोर परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाची घरची-शाळेची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारे. त्यांच्यापुढे सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना ६, याच कायद्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांतला. यातही तोच प्रश्न: शाळा का सोडली? पण इथे उत्तरांची यादीच छापलेली आहे. नापास झाला. शिक्षकांची बेपर्वाई. शाळेतलं जाचक वातावरण. दादागिरी. अपमान. मारहाण. शिकवण्याची भाषा. घरासाठी कमाई. कायदा करणाऱ्यांना शाळा चांगलीच ठाऊक होती म्हणायची.

यादीवर खूण कोणती करायची, हे कळायला कॅटलॉग पाहावा लागतो, वर्गशिक्षकांशी बोलावं लागतं. ते राहून गेलं की उरते आईची साक्ष, आणि आई एकच सांगते: “संगत वाईट, साहेब.” पेन शेवटच्या ‘इतर’वर येतं.

अहवालाला मुदत १५ दिवसांची. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आहे. कॅटलॉग कपाटात, कपाटाला कुलूप.